मौन म्हणजे आत

२७ ऑगस्ट १९४३, शुक्रवार

खुर्ची मिळाली! लाकडी, बिनहाताची, एका पायानं डुगडुगणारी. पण रेघेच्या टोकाला ठेवलेली! बुधवारी टेनिसची राष्ट्रीय स्पर्धा सुरू होणार आणि मी चुन्याची बादली खाली ठेवून रेषापंच म्हणून बसणार.

मिस्टर पेल्टन स्वतः चालत आले. म्हातारे वकील, पंच नेमायचं काम त्यांच्याकडे. मी तीन नंबरच्या मैदानावर चुन्याचं गाडं ढकलत होतो.

“टिअर्नी, डोळे कसे आहेत?”

“उत्तम, सर.”

“मग झालं. माझे निम्मे रेषापंच सैन्यात गेलेत, उरलेल्यांना मोतीबिंदू झालाय. बसशील?”

कान कसे आहेत ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सैन्याच्या डॉक्टरनं मात्र पहिल्यांदा कानच बघितला होता. डाव्या कानाचा पडदा फाटलेला, घ्या शिक्का, फोर-एफ, म्हणजे लढाईला नालायक, घरी जा. लढाईला जायचं म्हणून कॉलेज सोडलं, डीनच्या टेबलावर पुस्तकं आपटून आलो — “इथं कविता वाचत बसायला लाज वाटते” असं म्हणून! — आणि दहाव्या दिवशी घरी. आता कुठल्या तोंडानं परत जाऊ?

असो. पेल्टननी नियम सांगितले. चेंडू बाहेर पडला तर जोरात ओरडायचं, “आऊट!” आत पडला तर काही बोलायचं नाही. “रेघेवरच्या माणसाचं मौन म्हणजे आत, एवढं लक्षात ठेव.” आणि समजा दिसलंच नाही, मध्ये खेळाडू आला, डोळ्यावर ऊन आलं, तर? तर दोन्ही हात डोळ्यांवर ठेवायचे. म्हणजे मला दिसलं नाही, मुख्य पंचांनी ठरवावं. “त्यात लाज नाही. पण वीस वर्षांत मी ते हात चारदाच पाहिलेत.”

मिनाला सांगितलं. ती गुणफलकाच्या शिडीवर होती. वरूनच म्हणाली, “अरे वा! म्हणजे आता चुनेवाला लोकांना ओरडणार!” आणि हसली. तिचं हसणं मला दोन्ही कानांनी ऐकू येतं.

२९ ऑगस्ट, रविवार

आईनं पुन्हा कॉलेजचा विषय काढला. मी ताट सरकवलं. मग वाईट वाटलं — रेशनच्या लोण्यातला तिचा वाटा तिनं माझ्या मक्यावर घातला होता. खिडकीत माझ्या भावाच्या, फ्रान्सिसच्या नावाचा निळा तारा. एक मुलगा लढाईवर, एक तारा. माझ्या नावानं काय लावायचं तिथं, चुन्याचा ठिपका?

३० ऑगस्ट, सोमवार

विचारलं!!

ठरवलं नव्हतं. दुपारी मिना फलकाच्या मागे आकड्यांच्या पाट्या पुसत बसली होती. दोन वर्षांपूर्वी हे काम करायला चार पोरं होती, आता ती एकटी. मी पाट्या उचलून द्यायला म्हणून गेलो आणि तोंडातून सगळंच बाहेर पडलं. की मला ती आवडते. आजची गोष्ट नाही, गेल्या वसंतापासून. मी काही जन्मभर चुनाच लावणार नाही. सोमवारी स्पर्धा संपली की मी तिच्या वडिलांशी बोलेन. “बोलू का? सांग. बोलू?”

ती हातातल्या शून्याच्या पाटीकडे बघत राहिली. पुसलेलीच पाटी पुन्हा पुसली. एकदा तोंड उघडलं, मिटलं. काही बोलली नाही.

काही बोलली नाही! नाही म्हणाली नाही! ओरडली नाही, हसली नाही, शिडी उचलून मारली नाही. मी घरापर्यंत चालत आलो, चार मैल, गाडी आठवलीच नाही. मौन म्हणजे आत.

३१ ऑगस्ट, मंगळवार

मिना आज दुपारभर आली नाही. शहरात काम होतं म्हणे. काही बोलणं नाही.

म्हणजे अजून आत.

१ सप्टेंबर, बुधवार

सुरू झाली. एरवी दहा-बारा दिवस चालते, यंदा सहा दिवसांत उरकायची. अर्धे खेळाडू सैन्यातून रजेवर आलेले. चेंडू जुन्या रबराचे, उसळतच नाहीत. मिना त्यांना उकडलेले बटाटे म्हणते. खेळ संपला की एकूण एक चेंडू परत द्यायचा, रबर युद्धाला लागतं. प्रेक्षकांत खाकी आणि पांढरे गणवेश. मी सकाळी एका सामन्याला बसलो, सात वेळा ओरडलो, सातही बरोबर. आवाज चिरकला नाही.

मग दुपारी तो आला.

लेफ्टनंट वेन्डेल ऑर्कट, नौदल. उंच, उन्हानं रापलेला, दात इतके पांढरे की बघवत नाहीत. लहानपणी याच क्लबाच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचा म्हणे, आणि मिनाचे वडील त्याला हाकलायच्या ऐवजी लिंबूपाणी द्यायचे. मिस्टर वॉसलर इथं मैदानाचे मुख्य माळी. माझेही तेच वरिष्ठ. मला त्यांनी आजवर पाणीसुद्धा दिलेलं नाही, फक्त “प्रोफेसर, रेघ वाकडी गेली!”

मिना शिडीवरून उतरली. धावत. “वेन!”

वेन!

त्यानं माझ्याशी हात मिळवला. हात चांगला घट्ट होता. “रेघा सुंदर मारल्यात तू. कुठल्या तुकडीत आहेस?” एवढंच विचारलं. सहज. मी म्हणालो, “चुन्याच्या.” तो हसला, वाटलं असेल विनोद केला. मी मागे जाऊन बादलीला लाथ मारली. पांढरा पूर! मग तासभर तोच खरवडत बसलो.

मिस्टर वॉसलरना विचारलं, हा किती दिवस आहे? ते म्हणाले, “हरला की पुढच्या गाडीनं नॉरफोकला. नौदल काय इथं लिंबूपाणी प्यायला सोडतंय?”

मग हरू दे.

२ सप्टेंबर, गुरुवार

हरला नाही. काल तीन सेटमध्ये जिंकला, आजही.

दुपारी मोठ्या रोलरच्या दांड्यावर दोघं बसली होती. एकाच कागदातलं सँडविच, अर्धं तिनं, अर्धं त्यानं. लिव्हरवर्स्ट, म्हणजे कलेजीचं सॉसेज — तिच्या आईनं बनवलेलं. मला माहितीये कारण गेल्या जुलैत मला त्याचा एक तुकडा मिळाला होता.

तो कपडे बदलायला गेला तसा मी पुढे झालो. संभाषण जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण मला त्यातलं काही कळलेलं नाही.

मी — “मला उत्तर हवंय.”

ती — “गस, आत्ता नको.”

मी — “सोमवारी तू गप्प राहिलीस.”

ती — “हो. गप्प राहिले.”

मी — “मग?”

ती — “मग काय मग? गप्प राहिले म्हणजे गप्प राहिले!”

मी — “नाही तर म्हणाली नाहीस!”

ती — “तुझ्या तोंडाकडे बघितलं होतंस तू? नाकावर चुना, डोळ्यांत पाणी. असल्या माणसाला नाही कोण म्हणेल?”

मी — “म्हणजे हो?”

ती — “अरे देवा!” आणि शिडीवर चढून गेली. वर गेल्यावर सहाच्या जागी नऊ लावला. लोक हसायला लागले.

म्हणजे काय? हो की नाही? नाही म्हणायचं असतं तर आताही म्हणता आलं असतं. आली होती की वेळ! मला वाटतं तिचं तिलाच ठरत नाहीये, आणि ते दात समोर असेपर्यंत ठरणारही नाही. तो गेला की ठरेल. जायला मात्र हवा.

उद्या उपांत्यपूर्व फेरी. ऑर्कट विरुद्ध सार्जंट कोल्विन. पेल्टननी यादी लावली. डावी लांब रेघ — टिअर्नी.

सांगायला हवं होतं, सर, मला या सामन्याला नको. यादीसमोर बराच वेळ उभा राहिलो. तिथंही गप्पच.

३ सप्टेंबर, शुक्रवार

क्रमानं लिहितो.

पाच सेट. कोल्विन सैन्यात कवायत शिकवतो, बैलासारखा माणूस, दमतच नाही. पाचव्या सेटमध्ये कोल्विन सहा-पाच पुढे. सर्व्हिस ऑर्कटची, आणि कोल्विनला सामना संपवायला एक पॉइंट हवा. माझी खुर्ची कोल्विनच्या बाजूला, रेघेच्या टोकाशी. उंच खुर्चीत पेल्टन स्वतः.

ऑर्कटनं सर्व्हिस केली. कोल्विननं कसाबसा परत टाकला, आखूड. ऑर्कट धावत पुढे आला आणि सरळ रेघेवरून मारला. सरळ माझ्याकडे. चेंडू येताना मला दिसला. अगदी स्पष्ट! त्याच्यावरची शिवण दिसली. आणि मी मनात म्हणत होतो, बाहेर, बाहेर, बाहेर—

“आऊट!”

माझाच आवाज. केवढा मोठा! मग टाळ्या.

आता ही गोष्ट. चुन्याची धूळ उडाली होती. नक्की उडाली. पण कोल्विनही चेंडूमागे धावला होता आणि त्याचा बूट तिथंच रेघेवर घासला. धूळ चेंडूची की बुटाची? कानानं ऐकलं म्हणावं तर ती बाजू डावी. डोळ्यांनी पाहिलं म्हणावं तर... मी पाहिलं का? ओरडलो ते पाहून, की आधीच? घशात तो शब्द बुधवारपासून तयार होता.

ऑर्कटनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. जरा डोकं तिरकं करून — आपण ओळखीच्या माणसाला गर्दीत बघावं तसं. पेल्टनही त्याच्याकडे बघत थांबले होते. तो काही बोलला नाही. जाळ्यापाशी जाऊन कोल्विनशी हात मिळवला. मग या बाजूला येऊन पडदीपाशी पडलेला चेंडू स्वतःच उचलला. शिस्तीचा माणूस, रबर परत द्यायचं असतं.

मी फलकाकडे बघितलं. मिना शेवटचा आकडा लावत होती. चेहरा दिसला नाही.

मी जिंकलो ना?

४ सप्टेंबर, शनिवार

पहाटेच्या पहिल्या गाडीनं क्लबात. म्हटलं, रेघ बघू. गवतावर डाग राहत नाही, पण चुन्यावर राहतो, चेंडू लागला असेल तर तेवढाच घासलेला असतो. बुटाचा ओरखडा वेगळा. आठ महिने रेघा मारतोय, मला कळेल.

मिस्टर वॉसलर गाडं धूत होते. “प्रोफेसर, आज लवकर? तुझं काम मीच केलं. झोप लागेना.”

रेघ दुधासारखी. कोरी. मी गुडघे टेकून तिच्यावरून वाकून चाललो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वॉसलर म्हणाले, “चर्च तिकडं आहे.”

मग पेल्टनकडे गेलो. सगळं सांगितलं, म्हणजे मिना सोडून सगळं. ते पाईप कोरत होते.

“तुला चेंडू आत दिसला?”

“माहीत नाही, सर.”

“बाहेर दिसला?”

“तेही माहीत नाही.”

“मग डोळ्यांवर हात का नाही ठेवलेस?”

मी बोटांवरचा चुना खरवडत राहिलो.

“हे बघ,” ते म्हणाले, “मला स्वतःला शंका होती. ऑर्कटनं नुसता हात वर केला असता तर तो पॉइंट मी पुन्हा खेळवला असता. मी वाट बघितली. त्यानं हात वर केला नाही. म्हणजे त्याला मान्य. तू कोण आता अमान्य करणारा? दोन वाजता सहा नंबरवर बस.” आणि वर — “आवाज चांगला आहे तुझा.”

चुकलेल्याला कोणी शिक्षाही देत नाही. सैन्याच्या त्या डॉक्टरसारखंच. नीट हात-पाय बघून घरी पाठवतात.

आणि एवढ्यावर संपलं नाही. फाटकाबाहेर ऑर्कट! मिनाबरोबर! नॉरफोकला गेलाच नाही! मी धावत वॉसलरकडे.

“तुम्ही म्हणाला होतात हरला की पुढच्या गाडीनं!”

“मी?” त्यांनी कपाळ खाजवलं. “त्याची रजा सोमवार संध्याकाळपर्यंत आहे. कागदावर शिक्का असतो पोरा, हरण्याजिंकण्यावर नसतं ते. म्हणालो असेन. गंमत केली असेल.”

“गंमत!”

“जर्मन माणसाला गंमत करता येत नाही म्हणतात,” ते म्हणाले. “खरं असावं.”

म्हणजे मी केलं ते — केलं असेल तर — कशासाठी केलं?

५ सप्टेंबर, रविवार

सकाळी फलकावर मिना नव्हती. कोणी दुसरीच मुलगी, चष्मा घातलेली, घाबरत घाबरत पाट्या लावत होती. वॉसलर सात वाजता काळ्या कोटात आले. बटणाच्या काजात पांढरं फूल. त्या कोटातच गुडघ्यांवर बसून जाळ्याची उंची मोजली, आणि मला म्हणाले, “आज मैदान तुझ्याकडे. बाराला चर्चमध्ये पोचायचंय.”

मला खरंच कळलं नाही. विचारलं, कोण गेलं?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मूर्ख आहे की लबाड, ते त्यांना ठरवता येईना. मग म्हणाले, “गेलं कोणी नाही. मिनाचं लग्न.” आणि थोड्या वेळानं, हळू — “पोरीनं लग्नाचा परवाना मंगळवारीच काढून ठेवला होता. परवान्याला लागते ती रक्ताची तपासणीबिपासणी सगळं. पण ती म्हणायची, वेन जिंकत राहिला तर आज उपांत्य, उद्या अंतिम, संध्याकाळी गाडी. लग्नाला दिवसच नाही. मग पुढची रजा. पुढची रजा येते की नाही कोणाला ठाऊक. तिची आई तर देवाला सांगत होती, एक सामना हरू दे.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डाव्या कानाच्या बाजूनं काहीतरी पुटपुटले. ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा म्हणायचं धाडस झालं नाही.

म्हणजे मंगळवारी “शहरात काम” ते हे. मी इथं लिहीत होतो, अजून आत. आणि मग शुक्रवारी मीच घसा फोडून ओरडलो, आणि त्यांना दोन दिवस मिळाले. मी दिले! तिची आई देवाला सांगत होती, आणि देवानं पाठवला कोण — तर चुनेवाला!

आयुष्यभर चुना लावला तो लोकांच्या मैदानाला. स्वतःला लावून घ्यायची ही पहिलीच वेळ.

६ सप्टेंबर, सोमवार

अंतिम सामना. कोण जिंकलं ते पेपरात बघून लिहीन, माझं लक्ष नव्हतं. रेघेला मी नव्हतो, मीच सकाळी पेल्टनना जाऊन सांगितलं, आज नको. त्यांनी कारण विचारलं नाही.

मिना आली होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी! शिडीवर! पाट्या लावणारी ती चष्मेवाली रडायला आली म्हणून. बोटात अंगठी, पाटी धरताना ती टकटक वाजायची. तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. निरोप द्यायला ती स्टेशनवर जाऊन आली आणि मग इथंच परत येऊन रोलरच्या दांड्यावर बसली. मी चुन्याचं गाडं धूत होतो. पळायला जागा नव्हती.

ती म्हणाली, “त्या दिवशीच सांगायला हवं होतं मी.”

मी म्हणालो, “हो.”

“जमलं नाही. वाटलं, गप्प राहिलं की तुला कळेल.”

“आमच्याकडे उलटं असतं,” मी म्हणालो. “ओरडायला हवं होतंस.”

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मी ओल्या हातांनी नुसता उभा. रुमाल द्यावा तर तोही चुन्याचा. तरी दिला. तिनं त्यानं नाक पुसलं, नाक पांढरं झालं. सांगावंसं वाटलं, आता तूही बघ तुझं तोंड. सांगितलं नाही.

शुक्रवारचं तिला सांगणार होतो. की मी कदाचित... पण नक्की काय सांगू? मला माहीतच नाही. तिच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या हातात “माहीत नाही” ठेवू?

जाताना तिनं कागदाची पिशवी दिली. “वेननं तुझ्यासाठी ठेवलंय. घरी जाऊन उघड म्हणालाय.” वजन काहीच नाही. मला वाटलं, लग्नाचा केक. आज बघवणार नाही. उद्या.

७ सप्टेंबर, मंगळवार

केक नाही. चेंडू. जुना, उकडलेला बटाटा. त्याच्यावर एका बाजूला, शिवणीला तिरका, बोटभर रुंद पांढरा पट्टा. माझा चुना. आठ महिने लावतोय, मला कळतं.

आत चिठ्ठी — “आत होता. मला दिसलं होतं. हात वर करणार होतो, मग रविवार आठवला. तू ओरडलास, मी गप्प बसलो. दोघांत जास्त खोटं कोण, ते तूच ठरव. आभार. — वे. ऑ.”

स्वयंपाकघरात टेबलापाशी बसून राहिलो, दोन्ही हात डोळ्यांवर ठेवून. आई चुलीपाशी होती. “गस, डोकं दुखतंय का रे?”

मी काही बोललो नाही.

ती ॲस्पिरिन घेऊन आली.